मंगळवार उजाडायच्या आधी

मी एक जुनी स्क्रिप्ट आहे. नाटकाची नव्हे, संगणकाची. बावन्न ओळींची, त्यातल्या सहा रिकाम्या. वय दोन वर्षं. तुम्ही हसाल, मित्रांनो, की दोन वर्षांची आणि म्हणे जुनी! पण आमच्या जगात वर्षभरात नवी पिढी येते आणि माझ्यासारखीला कुणी विचारत नाही. मला अजून विचारतात, पण ते का, हे सांगायला मला बरंच मागं जावं लागेल.

माझं काम एवढंसं आहे. यंत्राला कळणारी तारीख आणि वेळ घ्यायची, ती माणसाला कळेल अशी मांडायची. बस्स. माणसाला कळेल अशी, हे तीन शब्द मी किती सहज बोलून गेले बघा. या तीन शब्दांपायी एका माणसाचा जीव जाता जाता राहिला. ते आठवलं की अजून माझ्या ओळी जागच्या जागी गोठतात.

मला कान नाहीत हे खरं. पण ज्या लॅपटॉपमध्ये मी राहते तो ओसरीतल्या फळीवर असतो आणि फळीवरून घरातलं सगळं कळतं. धड्यातल्या छत्र्या आणि खुर्च्या बोलतात तेव्हा तुम्ही त्यांना कान कुठं आहेत म्हणून विचारत नाही, तसं मलाही विचारू नका.

आमचं गाव लोहारा तालुक्यात. जीप भरली तर लोहारा पंचवीस मिनिटं, आणि नाही भरली तर ती भरेपर्यंत. घर धुळाप्पांचं. चाळीसेक मेंढरं, चार एकर रान, त्यात एक विहीर आणि विहिरीवर मोटर. बायको धुरपताबाई. मुलगी मोनिका, लोहाऱ्याच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला शिकत होती. तीच माझी आई. तिच्या मामानं पुण्याहून वापरलेला लॅपटॉप आणून दिला होता. त्याची एका बाजूची बिजागरी तुटलेली, म्हणून तो विटेला टेकवून उघडावा लागे. त्या विटेच्या आधारानं, मोबाईलवर फुकटचे धडे बघत बघत, मोनिकानं मला लिहिलं. तिची ती पहिलीच स्क्रिप्ट.

मला का लिहिलं तेही ऐका. शेतातली लाईट आणि घरातली लाईट वेगळी असते. घरात दिवा जळतो म्हणून विहिरीवर लाईट असेलच असं नाही. शेतीची लाईट पाळीनं येते, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री, आठ आठ तास. कधी येणार ते वायरमन हणमंतप्पा मारुतीच्या देवळाच्या भिंतीवरच्या काळ्या फळ्यावर खडूनं लिहून ठेवत. 'सोमवार दिवस. मंगळवार दिवस. बुधवार रात्र.' ना तारीख, ना तास. त्यात शेजारचे कल्याणप्पा देवळात बसले की फळ्यालाच पाठ टेकून बसायचे. ते उठून गेले की फळ्यावरचा अर्धा आठवडा त्यांच्या सदऱ्यावर निघून जायचा. धुळाप्पा मैलभर चालत फळा बघायला जायचे आणि बघतात तो गुरुवार गायब.

"आप्पा, म्या करते कायतरी," मोनिका एकदा म्हणाली. त्यातून मी झाले.

हणमंतप्पांनी आठवड्याचा छापील कागद मोनिकाला द्यायचा, मोनिकानं तो मला द्यायचा, मी त्याचा मराठीत मेसेज करून द्यायचा आणि तो रविवारी संध्याकाळी शेतकऱ्यांच्या ग्रुपवर जायचा. त्रेसष्ट माणसं होती ग्रुपवर.

माझ्या जन्माच्या महिन्यातच मला पहिला धक्का बसला. दिवसाची लाईट सकाळी साडेआठला यायची आणि मी सगळ्यांना सांगत होते, सकाळी ८:११. लोक बिचारे आठ अकराला विहिरीवर हजर आणि एकोणीस मिनिटं बांधावर बसून लाईटला शिव्या. कुणाला वाटलंही नाही की चूक माझी असेल. संगणक म्हणतोय म्हटल्यावर बरोबरच असणार! मग एका रविवारचा मेसेज वाचून कल्याणप्पा घरी आले.

"मोनिका, गुरुवारपत्तोर आठ अकराला लाईट आन् शुक्रवारी आठ बाराला? एक मिनिट उशीर कामून गं?"

मोनिकानं कॅलेंडर बघितलं. शुक्रवारी एक डिसेंबर होता. तिनं कपाळावर हात मारून घेतला. स्क्रिप्टमध्ये वेळ मांडायच्या खुणा असतात. लहान एम लिहिला की महिना उमटतो, मोठा एम लिहिला की मिनिटं. तिनं मिनिटांच्या जागी लहान एम लिहिला होता. मी नोव्हेंबरभर अकरावा महिना मिनिटं म्हणून सांगत सुटले होते! लाजेनं मला स्क्रीनवर तोंड दाखवायची सोय राहिली नाही. मोनिकानं ते एक अक्षर मोठं केलं आणि मी सुधारले.

त्यानंतर मात्र दोन वर्षं माझ्या नावाला डाग नाही. मोनिकानं मला सकाळी, दुपारी, संध्याकाळी, रात्री हे चार शब्द शिकवले. महिन्यांची मराठी नावं शिकवली. ती लॅपटॉप आईला दाखवायची. "बघ आई, हितं रात्री बाराला तारीख आपोआप बदलती."

"बाराला?" धुरपताबाई चुलीपुढून म्हणाल्या. "अजून कोंबडं आरवलं न्हाय आन् दिवस बदलला? कुनाचा गं ह्यो दिवस?"

मोनिका हसली. मीही हसले. मनात म्हटलं, अडाणी बाई, तिला काय कळणार. मित्रांनो, ते हसू मला पुढं फार महागात पडलं.

दरम्यान माझं कौतुक वाढत होतं. देवळावरच्या फळ्यावर पोरांनी खडूनं क्रिकेटच्या स्टंपा काढल्या. "माझा खडू वाचवला पोरीनं," हणमंतप्पा म्हणायचे. धुळाप्पांना तर लेकीचं कौतुक करायला जीप पुरत नसे. लोहाऱ्याला जाताना शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही ते मोबाईल दाखवायचे. "आमच्या मोनीनं केलंय. लाईट इकडची तिकडं हुईल, पर मेसेज न्हाय हुनार."

पूर्वी धुळाप्पा विहिरीवरच्या, मोटर चालू करायच्या स्टार्टरच्या पेटीला हात लावण्याआधी टेस्टर लावून बघायचे. टेस्टर म्हणजे काय, तर एक बल्ब आणि दोन वायरी. बल्ब लागला नाही की मगच फ्यूज काढायचे, आणि फ्यूज काढला की मगच पेटीत हात. पेटीवर तीन लहान दिवेही असायचे, लाईट आली की पेटायचे. ते दिवे गेले, पण नवे बसवले नाहीत. टेस्टर गोठ्यातल्या खुंटीला गेला. धुरपताबाई एकदा म्हणाल्याही, "आवो, दिवं बसवून घ्या की." तर धुळाप्पा म्हणाले, "मोनीचा मेसेज हाय की."

ते ऐकून मला इतका अभिमान वाटला होता! आज तेच वाक्य आठवलं की धडकी भरते.

गेल्या डिसेंबरात लाईटचं वेळापत्रक बदललं. तोवर रात्रीची लाईट दहाला यायची. सोमवारी रात्री दहा म्हणजे सोमवारच, त्यात वाद नव्हता. आता ती अडीच तास पुढं सरकली. सात तारखेला, रविवारी हणमंतप्पांनी नवा कागद आणून दिला. त्यात छापलं होतं, सोमवारी दिवसा लाईट नाही. पुढं, मंगळवार, ०९/१२, ००:३० ते ०८:३०. मोनिकानं तो मला दिला आणि मी नेहमीसारखी एका क्षणात मोकळी झाले. 'मंगळवार, ९ डिसेंबर. रात्री १२:३० ते सकाळी ८:३०.' वार बरोबर, तारीख बरोबर, मिनिटं तर अगदी मोठ्या एमची. मोनिकानं एकदा वाचलं आणि पाठवून दिलं.

सोमवारी कल्याणप्पा ओसरीत टेकले होते. "धुळाप्पा, मंगळवारी रात्री हाय बरं का लाईट. म्हंजी आज निवांत, उद्याचा दिवस बी निवांत."

"मग तर ब्येस झालं," धुळाप्पा म्हणाले. "स्टार्टरमधली एक वायर सैल झालीय. उद्या सकाळी आवळून घेतो. उद्या रातच्याला लाईट येस्तोवर मोटर तयार पायजे, कांदा वाळायलाय."

मी फळीवरून सगळं ऐकत होते. मला काहीही खटकलं नाही. हे सांगताना मला आता लाज वाटते, पण खरं तेच सांगते.

मंगळवारी सकाळी सात वाजायच्या सुमाराला मोनिका वेणी घालत होती. धुळाप्पा आणि धुरपताबाई मेंढरं घेऊन रानाकडं गेले होते. मोबाईल वाजला. कल्याणप्पांचा आवाज इतका मोठा होता की मला फळीवर ऐकू आला.

"पोरी, घाबरू नगंस. आप्पाला लाईटीनं धरलं हुतं. सुटलाय. जित्ता हाय. आमी धाराशिवला न्यायलोत, जीप आलीया."

मोनिकाच्या हातातला कंगवा खाली पडला. ती तशीच, अर्धी वेणी सुटलेली, उंबऱ्यात उभी राहिली. "लाईट कशी?" एवढंच म्हणाली. "काका, लाईट हाय कशी? लाईट तर रात्री हाय."

मलाही तेच वाटलं. मला दुसरं काही सुचतच नव्हतं.

मी तिथं नव्हते, मित्रांनो. नंतर धुरपताबाईंनी जे सांगितलं तेच तुम्हाला सांगते. धुळाप्पांनी पेटी उघडली, पकड घेतली आणि उजवा हात आत घातला. लाईट नाही हे त्यांना इतकं पक्कं ठाऊक होतं की फ्यूजकडं त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. त्या ट्रान्सफॉर्मरवर मोजून सहा मोटरी, आणि सहाही मालक मेसेजवर विसंबून रात्रभर घरी झोपलेले, त्यामुळं लाईट आल्याचं सांगायला एकही मोटर चालू नव्हती. धुळाप्पा ओरडले नाहीत. लाईटीनं धरलेल्या माणसाला ओरडता येत नाही. धुरपताबाई दहा पावलांवर कोकरांजवळ होत्या. त्यांना दिसलं ते एवढंच, की नवरा उभा आहे आणि थरथरतोय.

त्यांनी हातानं ओढलं असतं तर दोघंही गेली असती. पण त्यांच्या हातात मेंढरं वळायची वेळूची काठी होती, वर्षानुवर्षं उन्हात वाळलेली. त्यांनी दोन्ही हातांनी ती उगारली आणि अंगात होतं नव्हतं तेवढ्या बळानं धुळाप्पांच्या कोपराखाली हाणली. पंचवीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा त्यांनी नवऱ्यावर काठी टाकली आणि तिनंच नवरा परत मिळाला.

दुपारी कल्याणप्पांचा फोन आला की जिवाचा धोका टळला, पण हात वाईट भाजलाय, सोलापूरला न्यावं लागेल. ओसरीत माणसं जमली होती. जीव वाचला हे कळल्यावर त्यांची भीती गेली आणि राग आला. राग काढायला समोर कोण होतं, तर हणमंतप्पा. बिचारा कंत्राटी माणूस, कागद हातात धरून दाराशी उभा होता.

"रात्रीची लाईट सकाळी सोडली व्हय रं? मानूस मारतो का?"

"न्हाय वो, कागदावर हाय तशीच हाय. हे बगा की."

कागद कुणी बघितला नाही. उद्या सकाळच्या जीपनं सगळ्यांनी लोहाऱ्याला जायचं, साहेबाला सांगायचं, ह्याला कामावरून काढा म्हणायचं, असं ठरलं. हणमंतप्पा निघून गेले. त्यांचा कागद आमच्या ओसरीतच राहिला.

मोनिकानं तो उचलला. लॅपटॉप विटेला टेकवला, मला उघडलं आणि कागद शेजारी ठेवला. कागदावर मंगळवार, ००:३०. माझ्यात मंगळवार, रात्री १२:३०. तेच. तिनं मला पुन्हा चालवलं, तेच आलं. त्या संध्याकाळी तिनं मला अकरा वेळा चालवलं. ओळ न् ओळ तपासली, लहान एम, मोठा एम, वारांची नावं. कुठंच चूक नाही. आणि लाईटही कागदाबरहुकूम सोमवार-मंगळवारच्या मधल्या रात्री साडेबाराला आली होती. म्हणजे हणमंतप्पा बरोबर, कागद बरोबर, मी बरोबर.

मित्रांनो, एक कबुली देते. त्या क्षणी माझ्या मनात आलं की आपण सुटलो. एक माणूस दवाखान्यात तडफडत होता, दुसऱ्याची नोकरी जायची वेळ आली होती, आणि मी सुटले म्हणून खूश होते.

बुधवारी उजाडता उजाडता धुरपताबाई धाराशिवहून पहिल्या जीपनं परत आल्या. धुळाप्पांना सोलापूरला न्यायला मोनिकाचा मामा आला होता, आणि इकडं मेंढरांना बघायला घरात कुणी नव्हतं. तोंड पार उतरलेलं, हाताला काठीचे वळ. त्या चुलीपुढं बसल्या आणि कालची शिळी भाकरी घेतली.

"आई, तू काल सकाळधरनं जेवली न्हाईस?" मोनिकानं विचारलं.

"काल मंगळवार न्हवता का? उपास."

तुळजापूरची देवी त्यांची कुलस्वामिनी. मंगळवारी त्या पाण्याखेरीज काही घेत नसत.

"आगं पर एवढं झालेलं. रात्री बारा वाजल्यावर तरी खायाचं की कायतरी. बुधवार लागला हुता."

धुरपताबाईंनी भाकरीचा तुकडा मोडता मोडता लेकीकडं बघितलं. "बाराला कुठं बुधवार लागतो, पोरी? रात मंगळवारचीच असती की. उजाडलं, आता बुधवार लागला. आता खाते."

मोनिका आईपुढं येऊन बसली. मग ती हळूच म्हणाली, "आई, मंगळवारी रात्री साडेबाराला म्हनलं, तर कवा गं?"

"कवा म्हंजी? मंगळवार मावळल्यावर. जेवनं झाल्यावर, निजानीज झाल्यावर."

"आन् आप्पा इहिरीवर गेले तवा?"

"तवा मंगळवार आत्ता कुठं उगवत हुता, माय. त्याची रात यायची हुती अजून."

आयुष्यात एवढा धक्का मला कधी बसला नाही, पुन्हा बसूही नये. मी मध्यरात्रीनंतरच्या साडेबाराला 'मंगळवार, रात्री' म्हटलं होतं. माझ्या घड्याळानं ते खरं होतं. पण या गावात कुणाचाही मंगळवार त्या वेळी सुरू झालेलाच नव्हता. त्यांच्यासाठी ती सोमवारची रात्र होती, धडधडीत सोमवारची. मी लाईट एक अख्खा दिवस पुढं ढकलून सांगितली होती आणि धुळाप्पांनी त्या मोकळ्या दिवसात निर्धास्तपणे हात घातला होता. हणमंतप्पांच्या खडूत ही चूक कधी झालीच नसती. तो माणूस 'सोमवार रात्र' लिहून मोकळा झाला असता. त्या फळ्याला मी हसले होते, आणि या बाईलाही.

मोनिका उठली. देवळापाशी माणसं जीपची वाट बघत होती, आणि जीप यायला फार वेळ नव्हता. तिनं आधी ग्रुपवर एकच प्रश्न टाकला. 'रविवारचा मेसेज वाचून तुम्हाला लाईट कुठल्या रात्रीची वाटली?' पटापट उत्तरं आली. एकेचाळीस जणांनी उत्तर दिलं आणि एकेचाळीस जणांनी एकच सांगितलं, मंगळवार मावळल्यावरची. मग तिनं लिहिलं, 'लाईट सोमवारच्या रात्रीची होती. हणमंतप्पा काकांनी बरोबर सोडली. चूक माझ्या मेसेजची आहे. माझ्या आप्पांना माझ्या मेसेजमुळे लागलं. काकांना काही बोलू नका.' तिनं ते पाठवलं. शिवाय देवळापाशी जाऊन सगळ्यांसमोर तोंडानंही सांगितलं.

कल्याणप्पा धाराशिवहून तिच्या आईबरोबरच आले होते. ते तिच्यासोबत परत घरी आले. "पर पोरी, कागद बी बरोबर, तुजं लिवनं बी बरोबर. मग तुजी कशी चूक?"

"बरोबर हुतं काका," मोनिका म्हणाली, "पर वाचनारं कोन हाय, ते म्या बघितलंच न्हाय."

एवढं बोलून ती रडली. दोन दिवसांत पहिल्यांदा. आणि रडून झाल्यावर तिनं लॅपटॉप उघडला, माझ्या तेव्हाच्या सगळ्या सत्तेचाळीस ओळी एकदा वरून खाली बघितल्या आणि मला पुसून टाकलं.

पुसलेली स्क्रिप्ट लगेच मरत नाही, मित्रांनो. ती संगणकाच्या कचरापेटीत जाऊन पडते. मी तिथं बावीस दिवस होते. शेजारी एक हललेला फोटो, एक अर्धवट अर्ज आणि एकाच निबंधाच्या तीन प्रती. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. बाहेर देवळावरच्या स्टंपा पुसून हणमंतप्पा पुन्हा खडूनं लिहू लागले होते, आणि कल्याणप्पा पुन्हा त्याला पाठ टेकून बसू लागले होते. मला तक्रार करायचं तोंड नव्हतं. माझी जागा कचरापेटीतच आहे असं मला मनापासून वाटत होतं.

नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी धुळाप्पा घरी आले. उजव्या हाताची दोन बोटं वाकडी झाली होती, ती सरळ होणार नव्हती. आमच्या शिवारात त्यांच्यासारखी मेंढरं कातरणारा माणूस नव्हता. कातर हातात आली की लोकर अखंड उतरायची, कातड्याला ओरखडा नाही. घरी आल्यावर त्यांनी खुंटीवरची कातर काढली, बोटं घालून बघितली. बसली नाहीत. त्यांनी ती परत खुंटीला अडकवली आणि ओसरीत येऊन टेकले. मोनिका भिंतीला लागून बसली होती. ती त्यांच्या हाताकडं बघत होती आणि तोंडाकडं बघत नव्हती.

"मोने, ते तारखा सांगनारं कुठं हाय?"

"टाकलं पुसून."

"कामून?"

"कामून म्हंजी? तुमचा हात बघा की आप्पा."

धुळाप्पांनी हात उलटसुलट करून बघितला. "हे बग," ते म्हणाले, "मेंढरू चुकून दुसऱ्याच्या रानात गेलं, तर म्या त्याला कापून टाकतो का? त्याच्या गळ्यात घंटी बांधतो. म्हंजी पुन्यांदा निगालं की कळतं. काड त्याला भाईर."

"मला भ्या वाटतंय आप्पा."

"मला न्हाय वाटत व्हय? म्हनून तर म्हनतो. फ्यूज म्या काडला न्हाय, टेस्टर म्या लावला न्हाय. तुज्या मेसेजनं काय माजा हात धरून पेटीत घातला न्हवता. अर्दी चूक माजी हाय, ती तू कशी पुसनार?"

असं मला कचरापेटीतून बाहेर काढलं गेलं. बापलेक माझ्यासमोर मांडीला मांडी लावून बसले. मोनिकानं मला नव्या ओळी शिकवल्या. मध्यरात्रीपासून उजाडेपर्यंतची वेळ आली की मी आदल्या दिवसाचं नाव घ्यायचं. तिनं आधी लिहिलं, 'सोमवारची रात्र, १२:३०.' धुळाप्पांनी मान हलवली.

"न्हाय. साडेबारा म्हनलं की कुनीबी कुठंबी वढील त्याला. आसं लिव. सोमवार मावळल्यावर जी रात येती तिच्यात साडेबाराला. मंगळवार उजाडायच्या आदी. आन् खाली लिव, फ्यूज काडल्याबिगर पेटीत हात घालू नगा."

"लई लांब हुतंय आप्पा."

"हुंदे की."

मोनिकानं त्यांचे शब्द पुस्तकी मराठीत उतरवले, पण एकही गाळला नाही. आता मी बावन्न ओळींची आहे. सगळ्यात वरची ओळ यंत्रासाठी नाही, मोनिकानं ती स्वतःसाठी लिहिली आहे. 'हे कोण वाचणार आहे?' यंत्र ती ओळ वाचत नाही, सरळ पुढं जातं. मी मात्र दर वेळी वाचते.

मित्रांनो, तुमच्यातलं कुणी ना कुणी उद्या स्क्रिप्टा लिहील, तारखा मांडील, वेळा छापील. तुमचा हिशोब बरोबर आला की थांबू नका. जाऊन कुणालातरी वाचायला द्या, आणि काय समजलं ते त्याच्या तोंडून ऐका. चुलीपुढच्या बाईनं शंका काढली, तर तिला हसू नका, ती का काढली ते विचारा. आणि यंत्रानं कितीही छातीठोक सांगितलं तरी टेस्टर खुंटीला टांगू नका. मी स्वतः एक यंत्राचीच लेक असून हे सांगते आहे.

आता दर रविवारी संध्याकाळी आमच्याकडं एक रिवाज झाला आहे. मोनिका मला चालवते. मेसेज स्क्रीनवर येतो, पण ती तो पाठवत नाही. ती लॅपटॉप धुळाप्पांकडं फिरवते. धुळाप्पा चौथी शिकलेले, सावकाश वाचतात. त्यांचं वाकडं बोट माझ्या एकेका ओळीखालून सरकत जातं आणि मग ते लाईट कुठल्या रात्री येणार ते आपल्या शब्दांत लेकीला सांगतात. पूर्वी मी डोळ्याचं पातं लवायच्या आत काम उरकायची आणि त्याचा मला भारी तोरा होता. आता ते बोट शेवटच्या ओळीशी पोचेपर्यंत मी थांबते. मग धुळाप्पा लेकीकडं बघून म्हणतात, "व्हय, धाड आता." त्यानंतरच मी गावात जाते.